ताईच्या शब्दावर गेलेले चाकू

रोपवाटिकेत कलमं बांधणाऱ्या बाईच्या खिशात चाकू असणारच, त्यात नवल नाही. नवल हे, की ताईच्या खिशात दर हंगामाला वेगळा चाकू असे, आणि तो नेहमी कुणीतरी वापरून टाकलेला असे. मालकाने सगळ्यांना वाटलेला लाल प्लास्टिकच्या मुठीचा नवा चाकू तिच्या टेबलाच्या खणात कागदात गुंडाळलेला तसाच पडून होता. कुणी विचारलं तर म्हणायची, "तो सुतळी कापायला ठेवलाय. झाडाच्या अंगाला लावायचा नाही."

कलमाचं काम दिसतं सोपं. बोटाएवढ्या खोडाला तिरपा काप द्यायचा, तसाच काप दुसऱ्या झाडाच्या काडीला द्यायचा, दोन्ही जखमा एकमेकींवर ठेवून पट्टीने बांधून टाकायच्या. पण काप एका ओढीत जायला हवा. पातं अडखळलं, दुसऱ्यांदा फिरवावं लागलं, की जखम खडबडीत होते, मधे हवा राहते आणि पंधरा दिवसांनी काडी काळी पडते. नव्या चाकूची धार जेमतेम दुपारपर्यंत टिकायची. म्हणून तरुणपणी एकदा तिने आठवड्याच्या बाजारात भंगारवाल्याच्या गोणपाटावरून शिंगाच्या मुठीचा एक जुना घडीचा चाकू उचलला. गंज काढला, तेल दिलं, दगडावर ओढला. त्याची धार तीन दिवस टिकली. चौथ्या दिवशी ती कामाच्या वेळात तो चाकू उलटसुलट करून बघत बसली. हे पोलाद कुणी केलं, आता का करत नाहीत, आणि ज्याच्या खिशात हा होता त्याने का सोडला? या तीन प्रश्नांच्या मागे ती लागली ती तीस वर्षं.

नवरा लवकर गेला होता, मूलबाळ नव्हतं. रोपवाटिकेच्या पाण्याच्या टाकीमागे दोन खोल्यांत ती भाऊ-वहिनीबरोबर राहायची. भाऊ रोपांचा टेम्पो चालवायचा, आठवड्यातले चार दिवस बाहेर. घरात राज्य वहिनीचं. ताईचं राज्य फक्त खिडकीखालच्या पेटीत. पेटी बियाण्याची होती, लाकडी, बारा खणांची. एका खणात एक चाकू. तेरावा घरात आला की बारांतला एक जायचा, हा तिचा नियम.

"लोकांच्या घरी पाहुणे येतात-जातात," वहिनी म्हणायची. "आमच्याकडे चाकू येतात-जातात. फरक एवढाच, पाहुण्यांना धार नसते."

"असते गं. तुझ्या माहेरचे आले की मला समजतं."

भावाने एकदा सरळच विचारलं होतं, "विकायचाच असतो, तर घेतेस कशाला?"

"वापरायला."

"मग विकतेस कशाला?"

"वापरला म्हणून."

भावाने डोक्याला हात लावला. पण ताईने थट्टा केली नव्हती. चाकू दुकानात बघून कळत नाही, एवढं तिला कळलं होतं. तो एक हंगाम खिशात वागवावा लागतो. मग पात्याचं टोक झिजलेलं का आहे ते कळतं, आधीचा धनी डावखुरा होता की काय ते मुठीच्या गुळगुळीतपणावरून कळतं, पातं दाबून धरणारी पाठीची पोलादी कमान कोणत्या थंडीत कडक होते तेही कळतं. हंगाम सरेपर्यंत चाकूने आपलं सगळं सांगून झालेलं असतं. मग तो पेटीत ठेवला तर आतलं तेल घट्ट होतं आणि पोलाद मुकं होतं. त्यापेक्षा दुसऱ्या कुणाच्या खिशात गेला तर पुन्हा बोलेल. शिवाय कुठल्यातरी भंगारात एक न पाहिलेला चाकू गंजत पडलेला असतोच. त्याला जागा करायला नको?

असे तिच्यासारखे आणखी होते. गावाबाहेर वजनकाट्यामागे एक पत्र्याची शेड होती, तिथे रविवारी सकाळी ते जमायचे. लांबलचक बाकावर आपापला रुमाल अंथरायचे, त्यावर चार-पाच चाकू मांडायचे आणि दुपारपर्यंत एकमेकांचे घ्यायचे, द्यायचे. नगरपालिकेतला एक कारकून होता. त्याला मुठीवर कुणाचं तरी नाव कोरलेले चाकू लागायचे. ते नाव कुणाचं, तो माणूस कसा असेल, यावर तो दोन-चार महिने विचार करायचा, आणि कंटाळा आला की विकून टाकायचा. एक ट्रकवाला होता. त्याचं म्हणणं, "नवा चाकू हरवला की जीव जळतो. जुना आधीच दोनदा हरवलेला असतो, त्याला सवय असते." आणि लांबून, तीन तास बसचा प्रवास करून येणारे एक म्हातारे होते, जहाजावरून निवृत्त झालेले इंजिनिअर. ते एकाच कारखान्याचे चाकू शोधायचे. तो कारखाना बंद पडून जमाना झाला होता. "आता नवे होणार नाहीत," ते म्हणायचे. "जे आहेत ते लोकांच्या खिशात आहेत. लोकांच्या खिशातूनच ते माझ्या खिशात यायचे. दोन झाले की त्यातला कमी प्रतीचा विकायचा, तेवढीच चांगल्याकडे एक पायरी."

या शेडमध्ये एक रीत होती, ती कुणी लिहून ठेवली नव्हती. खोड आधी. म्हणजे विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातात चाकू देण्याआधी त्याची खोड स्वतःच्या तोंडाने सांगायची. मूठ चिरलेली आहे, टोक घासून लहान झालंय, खिळा बदललेला आहे, जे असेल ते. मग घेणाऱ्याने तपासायचं. तपासायची पद्धत ताईनेच सगळ्यांना शिकवली होती. चाकूच्या पाठीवर अंगठा ठेवायचा आणि तीनदा फिरवायचा. एकदा चाकू बंद असताना, एकदा अर्धा उघडून, एकदा पूर्ण उघडून. पातं आणि कमान एकमेकांसाठीच घडवलेली असली तर तिन्ही वेळा पाठ सपाट लागते. पातं दुसऱ्या चाकूचं असलं तर कुठेतरी कमान केसभर वर येते. डोळ्याला दिसत नाही, अंगठ्याला कळतं.

पण ताईचा चाकू कुणी तपासत नसे. ती म्हणायची, "सगळं मूळचं आहे," आणि लोक तो न उघडता खिशात टाकायचे. कारकून गमतीने म्हणायचा, "बँकेत सही चालते, इथे ताईचं तोंड चालतं." ताई हसून मान वळवायची, पण ते ऐकायला तिला आवडायचं. तिच्यापाशी घर नव्हतं, जमीन नव्हती. चार गावांतली माणसं तिच्या एका वाक्यावर वस्तू घेतात, हीच तिची मिळकत.

शेडमध्ये आणखी एकजण यायचा, तो चाकू घ्यायचा नाही आणि विकायचाही नाही. तो घड्याळजी. चावी करणारा आणि शिंपी यांच्या मधे त्याचं दुकान, एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं तर घड्याळजीला श्वास बेताने घ्यावा लागे. ताईचा तो मानलेला भाऊ. ती त्याला भाऊ म्हणायची, तो तिला ताई. बावीस वर्षं झाली होती. ताईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा सख्खा भाऊ टेम्पो घेऊन लांब गेलेला, तर हा दवाखान्याच्या बाकावर दोन रात्री बसून होता. जुन्या चाकूंचे खिळे सैल होतात, पातं डुगडुगतं. तो खिळा काढून नवा मारणं हे नाजूक काम. एक ठोका जास्त बसला की शिंगाची मूठ फुटते. घड्याळजीचा हात असा, की त्याने मारलेला खिळा बोटाला लागायचाच नाही. वर तो पितळेला गंधकाची धुरी देऊन जुना रंग आणायचा. ताईचे सगळे सैल चाकू त्याच्याकडे जायचे. मजुरी विचारली की म्हणायचा, "बहिणीकडून मजुरी घेतली तर हात झडतील माझे."

"एखादा तू पण घे की," शेडमध्ये लोक त्याला म्हणायचे.

"मी आपला घड्याळवाला. मला कशाला?"

ताई अभिमानाने सांगायची, "या शेडमध्ये हाव नसलेला माणूस एकच. याच्यासारखा दुसरा नाही."

त्या रविवारी इंजिनिअर सगळ्यांच्या नंतर आले. रुमाल अंथरला नाही. ताईच्या शेजारी बसले आणि खिशातून चाकू काढून तिच्या रुमालावर ठेवला. ताईने ओळखला. काळ्या शिंगाच्या मुठीचा, त्याच बंद पडलेल्या कारखान्याचा, गेल्या वर्षी तिनेच त्यांना दिलेला.

"धार टिकत नाही हो," ते हळूच म्हणाले. "दोन पेन्सिली तासल्या की गेली."

"याची? याने मी अख्खा हंगाम गुलाब बांधलेत. दर तिसऱ्या दिवशी दगडावर घ्यायचे, त्यापेक्षा जास्त कधी नाही."

"तुम्हीच बघा, ताई."

ताईने पात्याच्या बुडाशी छाप पाहिली. छाप तीच होती. मग सवयीने तिने अंगठा पाठीवर ठेवला. बंद असताना सपाट. पूर्ण उघडून सपाट. अर्धा उघडला आणि तिचा अंगठा थांबला. पुन्हा फिरवला. पुन्हा थांबला.

"छाप त्यांचीच आहे," इंजिनिअर म्हणाले, "पण शेवटच्या वर्षांतली. कारखाना बुडायला लागला तेव्हा ते मऊ पोलाद वापरत. मूठ जुनी, पातं नंतरचं."

"माझ्याकडून गेला तेव्हा..." ताई म्हणाली, आणि पुढचं वाक्य तिला सापडेना. तिच्याकडून गेला तेव्हा काय? तिने तो तपासला होता का? भंगारवाल्याकडून घेताना तपासला होता. मग खिळा सैल झाला म्हणून घड्याळजी भाऊकडे दिला. भाऊकडून आला तो तसाच रुमालात बांधून शेडमध्ये नेला. परक्याच्या चाकूवर तीनदा अंगठा फिरवणाऱ्या बाईने आपल्या माणसाकडून आलेल्यावर एकदाही फिरवला नव्हता. फिरवायचं तिच्या मनातच आलं नव्हतं.

"हा माझ्याकडे राहू द्या," ती म्हणाली. "कुणाला बोलू नका, मला आठवडाभर द्या."

"मी कुणाला बोललोय का आजवर?" इंजिनिअर म्हणाले आणि बससाठी उठले.

घरी येऊन तिने पेटी उघडली. बारांपैकी पाच चाकू घड्याळजीकडे जाऊन आलेले होते. पाचांपैकी तिघांची कमान अर्ध्यावर वर आली. वहिनी दारात उभी राहून बघत होती, पण तोंडातून शब्द काढला नाही, म्हणजे तिलाही काहीतरी समजलं असावं.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत ताई नगरपालिकेत गेली. कारकून फायलींच्या गठ्ठ्यामागे बसून सफरचंदाची साल काढत होता. साल न तुटता एका लांब फितीत उतरवायची, हा त्याचा रोजचा छंद.

"ताई! आज कुठला कर भरायचाय?"

"कर नाही. माझ्याकडून घेतलेला चाकू दे जरा, तेल घालून आणते."

"अहो, एवढी सेवा? घ्या घ्या." त्याने पातं रुमालाला पुसून दिलं. ताईने खिडकीकडे तोंड करून अंगठा फिरवला. मग म्हणाली, "आज तेल आणायलाच विसरले बघ," आणि चाकू परत दिला. ट्रकवाल्याला तिने मंगळवारी वजनकाट्यावर गाठलं. ट्रक काट्यावर उभा होता आणि तो चाकाशी उकिडवा बसून टायरच्या खाचेतला खडा चाकूने उकरत होता. "ताई, ओरडू नका," तो आधीच म्हणाला. "फक्त खडाच काढतोय." ताई ओरडली नाही. त्याच्या हातातून आपणच विकलेला तो चाकू घेतला, उघड-मीट केला, दिला. त्याचंही पातं बदललेलं होतं.

बुधवारी ती कामावरून अर्धा दिवस लवकर सुटली आणि घड्याळजीच्या दुकानात गेली. भिंतीवरची घड्याळं आपापली वेगळी वेळ दाखवत होती. तो डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळात वाकला होता. ताई स्टुलावर बसली. इंजिनिअरांचा चाकू तिने त्याच्या टेबलावर ठेवला, अर्धा उघडलेला.

घड्याळजीने तो उचलला नाही. भिंग काढून ठेवलं.

"किती?" ताईने विचारलं.

 बाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं, ते थांबलं, मग पुन्हा चालू झालं.

"नऊ," तो म्हणाला.

"विकलीस?"

"विकेन मी?" त्याला खरोखरच लागलं. "एकसुद्धा नाही." त्याने टेबलाखालचा खण ओढला. आत मलमलीचा तुकडा होता, तेलाने ओलसर. त्यावर नऊ पाती ओळीने ठेवलेली. मूठ नाही, कमान नाही, नुसती पाती. ताईने एकेक ओळखलं. याचं टोक तिच्याच हाताने झिजलं होतं. याला तिने लिंबाची कलमं बांधताना बारीक दात पाडला होता आणि आठवडाभर घासून काढला होता. भंगारातून आणलेली पाती तिच्या चाकूंत बसवून त्याने तिची पाती इथे आणून निजवली होती.

"का रे?"

"तू त्यांना सोडून द्यायचीस, ताई. हंगाम संपला की कुणालाही. तो ट्रकवाला त्याने टायर उकरतो. कारकून पाकिटं फोडतो. माझ्या हाताखाली यायची ना, तेव्हा भिंगातून बघायचो मी. असं पोलाद पुन्हा व्हायचं नाही. कुणीतरी राखायला नको?"

"मागायचं होतंस. मी दिलं असतं."

"दिलं असतंस. आणि रविवारी सगळ्यांना सांगितलं असतंस, भाऊला पण नाद लागला. मग मी त्यांच्यातलाच एक."

"आणि आता कोण आहेस?"

त्याने भिंग उचललं आणि पुन्हा ठेवलं.

"माझ्या तोंडून खोटं बोलवलंस तू," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण ती एकेक शब्द उचलून ठेवत होती. "मी माणसांना म्हणायचे, सगळं मूळचं आहे. तू शेजारी बसून ऐकायचास. वर चहा प्यायचास."

"ताई, एक सांगू? राग मानू नकोस. तो चाकू तुझ्याकडे राहणार नव्हताच. मग पातं कुठं राहिलं याने तुझं काय गेलं?"

याला उत्तर होतं, पण ज्याला बावीस वर्षांत समजलं नाही त्याला आता दोन वाक्यांत काय समजणार? ताई खणाकडे बघत राहिली. घड्याळजीचे डोळे भरून आले.

"रविवारी मी येतो," तो म्हणाला. "ही सगळी घेऊन येतो. सगळ्यांसमोर मीच सांगतो. खोड आधी. तेवढं माझ्या तोंडाने सांगू दे, ताई. तू सांगितलंस तर मी उभा राहू शकणार नाही."

ताईने मान हलवली. पाती त्याच्या खणातच राहिली. इंजिनिअरांचा चाकू मात्र तिने मिटून खिशात टाकला.

घरी वहिनीने सगळं ऐकून घेतलं, मग कपाळावर हात मारला. "उचलून का नाही आणलीस ती पाती?"

"तो म्हणाला, मी सांगतो."

"आणि तू मान डोलावलीस."

"हो."

"अगं बाई, कुंपणाने शेत खाल्लं, आणि तू कुंपणालाच राखण सांगून आलीस?"

"रडत होता गं."

"रडेल नाहीतर काय करेल? पकडलं गेल्यावर मांजरसुद्धा डोळे मिटतं."

ताई त्या रात्री जेवली नाही, पण तिचा विश्वास डगमगला असंही नाही. माणूस एकदा घसरतो. ज्याने दवाखान्यात बाकावर रात्री काढल्या, तो दुसऱ्यांदा घसरणार नाही, असं तिला वाटत होतं. त्याचं तोंड खरं बोललं की तिचं तोंड पुन्हा चालू लागेल, एवढाच तिचा हिशेब.

रविवारी ती नेहमीच्या वेळेला निघाली. शेडपाशी पोहोचली तर आतून बोलण्याचा आवाज येत होता, आणि ती दिसताच तो थांबला. घड्याळजी बाकाच्या मधोमध, जिथे तो कधी बसत नसे तिथे, बसला होता. त्याच्यापुढे पांढरा रुमाल होता आणि त्यावर नऊ पाती. कारकून, ट्रकवाला, इंजिनिअर, आणखी चार-पाचजण भोवती उभे.

"या ताई," कारकून म्हणाला. नेहमीची थट्टा नव्हती. "बसा."

"सांगितलंस?" ताईने घड्याळजीला विचारलं.

"सांगितलं, ताई," तो खाली बघत म्हणाला. "सगळं सांगितलं."

"भाऊंनी सांगितलं," ट्रकवाला म्हणाला, "तुमच्या चाकूंची पाती बदललेली निघाली म्हणून. अहो, आम्हाला काही वाटलं नाही. तुम्हाला भंगारवाल्याने फसवलं, त्यात तुमचा काय दोष? पण या माणसाने बघा. गावोगावचे भंगारवाले पालथे घातले आणि मूळची पाती हुडकून आणली. कुणासाठी? बहिणीच्या नावाला डाग लागू नये म्हणून!"

ताईने घड्याळजीकडे पाहिलं. त्याने वर बघितलं नाही. रुमालाची एक घडी पडली होती, ती तो बोटाने सरळ करत होता.

"खोटं आहे," ती म्हणाली. "ही पाती यानेच काढली. खिळा मारायला दिले तेव्हा काढली. याच्या खणात होती, मी डोळ्यांनी बघितली."

 मग कारकून घसा खाकरून म्हणाला, "ताई, तुम्हाला धक्का बसलाय. रागात माणूस..."

"मी रागात आहेच. पण मी खोटं बोलत नाही."

"तसं कोण म्हणतंय? पण हा असं का करेल? याला चाकूंचा नादच नाही. तुम्हीच सांगायचात ना सगळ्यांना, इथे हाव नसलेला माणूस एकच म्हणून?"

 ती तसं म्हणाली होती. एकदा नाही, पन्नासदा म्हणाली होती, आणि ज्यांनी तिच्या शब्दावर चाकू घेतले त्यांनी तिच्याच शब्दावर हा माणूसही घेतला होता. तिच्या आजच्या शब्दासमोर तिचाच बावीस वर्षांचा शब्द उभा होता.

"आणि ताई," कारकून जरा चाचरत म्हणाला, "विकताना तुम्ही तपासलं नव्हतं का?"

नाही म्हटलं तर बाई निष्काळजी. हो म्हटलं तर बाई लबाड. पण शेडची रीत तिचीही होती.

"नाही," ती म्हणाली. "याच्याकडून आलेला चाकू मी कधी तपासला नाही. ही माझी खोड."

लोकांनी माना हलवल्या, जरा दुःखाने, जरा समजुतीने, जशा म्हाताऱ्या माणसासमोर हलवतात. ट्रकवाल्याने आपल्या चाकूचं म्हणून दाखवलेलं पातं उचललं आणि उन्हात धरलं. घड्याळजी पुटपुटला, "ताईला काही बोलू नका. तिच्या जिवाला लागलंय." त्याचा आवाज इतका हळवा होता की कुणालाही खरा वाटला असता. तिलाही वाटला असता, आठवडाभरापूर्वी.

इंजिनिअर मागे उभे होते. ते ताईजवळ आले. त्यांना किती समजलं होतं ते त्यांच्या तोंडावरून कळत नव्हतं. हातात त्यांचं पातं होतं. ताईने खिशातून त्यांचा चाकू काढून दिला.

"ताई," ते म्हणाले, "आता हे पातं या मुठीत परत बसवायचं. कुणाकडे देऊ?"

शेडमध्ये सगळे ऐकत होते. ताईला दुसऱ्या गावचा एक कारागीर माहीत होता. त्याचं नाव घेतलं असतं तर इंजिनिअर डोळे मिटून त्याच्याकडे गेले असते. तो जोरात ठोकतो हेही तिला माहीत होतं. काळं शिंग जुनं होतं, कोरडं होतं. दोन ठोक्यांत उभी चीर गेली असती, आणि मग जगात तसली दुसरी मूठ मिळाली नसती.

तिने त्या मुठीकडे पाहिलं.

"यालाच द्या," शेवटी ती म्हणाली. "दुसरा कुणी मूठ फोडेल. खिळा मारावा तर यानेच."

ट्रकवाल्याच्या तोंडावर हसू आलं. कारकुनाने सुटकेचा श्वास टाकला. "बघा," तो कुणाला तरी हळूच म्हणाला, "बोलली रागात, पण मनात काही नाही." ताईने ते ऐकलं. एका खऱ्या वाक्याने तिचं आधीचं खरं वाक्य पुसून टाकलं होतं, हे तिला बोलतानाच कळलं होतं. तरी ते वाक्य तिने मागे घेतलं नाही.

तिने अजून रुमाल अंथरला नव्हता, त्यामुळे उचलण्यासारखं काही नव्हतं. ती शेडबाहेर पडली. मागून "ताई, चहा तरी..." असं घड्याळजी म्हणाला. मग इंजिनिअरांचा चाकू त्याच्या हातात गेला असावा, कारण कमानीचा आवाज झाला, बारीक, ओळखीचा. ताई वजनकाट्याच्या लोखंडी पट्टीवरून चालत रस्त्याला लागली आणि तिने वळून पाहिलं नाही.